चौथी रिंग वाजायच्या आत

२००४ साली मी न्यू जर्सीत आले, तेव्हा आईला सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवली. मला मिस कॉल द्यायचा तर तीन रिंग झाल्या की कट करायचं, चौथीची वाट बघायची नाही. चार-पाच रिंग झाल्या की इथे व्हॉइसमेल लागतो, आणि मशीनने उचलला तरी फोन उचललाच गेला. मग कऱ्हाडच्या घरच्या बिलात अमेरिकेचा कॉल लागलाच. आई पुढची कितीतरी वर्षं रिसीव्हर कानाला लावून बोटांवर रिंग मोजायची. एकदा दिला तर "सवड झाली की कर". लागोपाठ दोनदा दिला तर "हातातलं काम ठेव आणि कर".

मिस कॉल हा आपल्याकडे पुरा निरोप होता, हे तिथे राहत असताना मला कधी जाणवलं नव्हतं. भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना केलेला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले, करणाऱ्याला मात्र पैसे मोजावे लागत. तेव्हापासून मिस कॉलला खरा बहर आला. पोचलीस की मिस कॉल दे. खाली आलोय, गेट उघड. दूध ठेवलंय. एक पैसा न खर्चता सगळं कळायचं, कारण कुठल्या वेळी कुणाचा मिस कॉल आला म्हणजे काय, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असायचं.

इथल्या मैत्रिणींना मात्र ही भाषा येत नव्हती. तेव्हा इथे येणाऱ्या कॉलचीही मिनिटं कापली जायची. रात्री नऊनंतर आणि शनिवार-रविवार तेवढी सूट. ऑफिसातल्या एकीला मी दोनदा फोन केला, तिने उलट केलाच नाही. दुसऱ्या दिवशी सहज म्हणाली, "तू मेसेज ठेवला नव्हतास, म्हणजे काही महत्त्वाचं नसेल असं वाटलं." तिच्या मनात काही नव्हतं. इकडे तेव्हा निरोप ठेवला तरच फोन केला असं धरत. आपल्याकडे नुसतं नाव दिसलं तरी पुरे, माणूस उलट फोन करतो.

२००७ च्या हिवाळ्यात एका सकाळी मी मीटिंगमधून बाहेर आले तर घरचे सात मिस कॉल. व्हॉइसमेलवर दोन मेसेज. पहिल्यात नुसता टीव्हीचा आवाज, मग कुकरची शिट्टी, मग फोन ठेवल्याचा खट्ट आवाज. दुसऱ्यात आई बाबांना सांगत होती, "अहो, ती नाहीये, कुणीतरी बाई इंग्रजीत बोलतेय." बस, एवढंच. परदेशात राहणाऱ्या माणसाच्या पोटात अशा वेळी काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. ओक ट्री रोडवरच्या दुकानातून आणलेलं कॉलिंग कार्ड पर्समध्ये होतं. त्यावरचा लांबलचक पिन दाबताना हात थरथरत होते, दोनदा चुकला. लाइन लागली आणि आई म्हणाली, "अगं, सुमीचं लग्न ठरलं! म्हटलं, सगळ्यात आधी तुला सांगावं."

मी तिला बोलले. निरोप का नाही ठेवलास, असं जरा जोरातच विचारलं. ती म्हणाली, "कुणाशी बोलू? समोरून हंसुद्धा येत नाही."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही हुंकार द्यायचा थांबलो की तीही थांबायची. "झोपलात का रे?" फोनवरही आपण तसेच आहोत. "हं", "बरं", "मग?", "अगं बाई!" हे मधे मधे आलं नाही की पाचव्या सेकंदाला आपण विचारतो, "हॅलो? येतोय ना आवाज?" मराठी बोलणं दोघांनी मिळून चालवायचं असतं. बीप वाजल्यावर एकट्याने बोलायचं हे आईला भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं, आणि तिचं बरोबर होतं.

शिवाय आपल्या लोकांना निरोप्या माणूस हवा असतो. माझ्या लहानपणी आमच्याकडे फोन नव्हता. बाबांच्या कार्डावर शेजारच्या काकूंचा नंबर होता आणि पुढे कंसात 'पी.पी.', म्हणजे फोन शेजारचा, बोलावून घ्यावं लागेल. फोन आला की काकूंचा मुलगा पळत यायचा. आम्ही घरी नसलो तर काकू निरोप घ्यायच्या आणि संध्याकाळी स्वतः येऊन सांगायच्या, "पुण्याहून तुझ्या भावाचा फोन होता, रविवारी येतोय. जरा थकल्यासारखा वाटला गं आवाज." हे शेवटचं वाक्य कुठलं यंत्र सांगणार?

पुढे गावात एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून तिथे झोपेच्या वेळी रांग लागायची. मीटरवरचे लाल आकडे पळत असायचे, बोललेलं पहिल्या फटक्यातच ऐकू जायला हवं असायचं, त्यामुळे आमच्या आधीची पिढी अजूनही फोनवर मोठ्याने बोलते. इथे जन्मलेल्या नातवंडांना वाटतं आजोबा रागावलेत. मी मुलांना त्या लाल आकड्यांची गोष्ट सांगते.

मुलांची तऱ्हा आणखी वेगळी. ती मावशीलासुद्धा आधी लिहून विचारतात, "आत्ता फोन केला तर चालेल का?" मला हे सुरुवातीला फार लागलं. मावशीला फोन करायला परवानगी कशाला? आता त्यामागचा समोरच्याच्या वेळेचा मान मला दिसतो, तरी आजीला फोन करताना विचारायचं नाही, हा नियम मी घरात ठेवला आहे.

तिकडून वाचणाऱ्यांना मात्र हात जोडून एक सांगते. आम्हाला फोन केलात आणि आम्ही उचलला नाही, तर निरोप जरूर ठेवा. मोठा नको. पहिलं वाक्य फक्त "सगळं ठीक आहे" एवढं असू द्या, मग नाव आणि काम. आईवडील सत्तरीपुढचे असले की मिस कॉलची नुसती यादी बघून आमचा दिवस कसा जातो, ते सांगता येत नाही.

आईने हे मनावर घेतलं. २०१३ मध्ये व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवायची सोय आली, आणि ज्या आईने व्हॉइसमेलवर कधी निरोप ठेवला नाही, ती आता चार-चार मिनिटं बोलते. व्हॉट्सॲपवर फोन उचलला नाही असं कुणी तोंडावर सांगत नाही, आणि मी ऐकलं की तिला निळी खूण दिसते. तिकडे सातला देवापाशी दिवा लावून झाला की ती बोलायला बसते. इथे हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात आणि मी गाडीत असते.

"सगळं ठीक आहे गं," अशी सुरुवात होते. मग बाबांची साखर, परसातला शेवगा, सुमीच्या मुलीची शाळा. दर दोन-तीन वाक्यांनंतर ती क्षणभर थांबते, माझ्यासाठी जागा सोडते. आणि मी सिग्नलपाशी एकटीच बसलेली, त्या जागेत मोठ्याने म्हणते, "हं."