४०७ चं मागचं डिफरन्शियल बदललं, गोराईत, घरच्या अंगणात

पाऊस आणि मग गणपती, त्यामुळं मधे लिहायचं राहिलं, पण ४०७ चं, म्हणजे आमच्या टाटाच्या छोट्या ट्रकचं, डिफ (डिफरन्शियल, इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअरचा संच) शेवटी बदललं आणि गाडी उत्तनपर्यंत जाऊन आली. इंजिनाचा आणि फाळक्यांचा खडखडाट आहेच, तो ४०७ ला असायलाच हवा, पण मागची घरघर गेली.

आधी आवाजाबद्दल, कारण मागून आवाज आला की आपल्यातले निम्मे लोक थेट क्राऊन-पिनियनवर (डिफमधली मोठी दातेरी चकती आणि तिला फिरवणारा छोटा गिअर) खापर फोडतात. अॅक्सिलरेटरवर पाय दाबला की हूंऽऽ येतो आणि सोडला की बदलतो किंवा जातो, तर दातांकडं बघा. पाय दाबा नाहीतर सोडा, घरघर तशीच राहते आणि फक्त वेगाबरोबर वाढते, तर बेअरिंग. गिअर टाकताना ठक्क होतं तर आधी प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून डिफकडं येणारा दांडा) क्रॉस, म्हणजे सांधे, हलवून बघा, तिथंच प्ले (ढिलेपणा) निघाला तर बराच खर्च वाचतो. फक्त वळणावर आवाज आला तर स्पायडर गिअर, म्हणजे डिफच्या आतले छोटे गिअर. माझ्याकडं घरघर आणि हूं दोन्ही होतं.

कारण उघडल्यावर कळलं. काकांनी ही गाडी वर्षानुवर्षं मासळीला लावलेली, भाऊच्या धक्क्यावरून बर्फातला माल भरायचा, बर्फ वितळला की खारं पाणी फळ्यांमधून थेट अॅक्सलवर. हाऊसिंगवरचा (डिफ ज्यात बसतं ते लोखंडी कवच) ब्रीदर, म्हणजे हवा जायची-यायची वाट, गंजून पार बंद. ब्रीदर बंद असला की हाऊसिंग तापल्यावर आतली हवा सील ढकलून बाहेर पडते, आणि मग तीच तापलेली गाडी तुंबलेल्या पाण्यात घातली की हाऊसिंग थंड होतं, हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ड्रेन प्लग काढला तर तेलाऐवजी दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी आलं. प्लगच्या चुंबकावर काळा मऊ लगदा असतो तो चालतो, पण माझ्या लगद्यात बेअरिंगचे सोललेले पापुद्रे होते आणि क्राऊनच्या दातांना खड्डे पडलेले.

नवा क्राऊन-पिनियन आणून घरी बसवायचा विचार मी सोडला. पिनियन किती आत बसतो त्याचे शिम (पातळ चकत्या), बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब), मग बॅकलॅश (दोन्हीच्या दातांमधली मोकळी फट), हे सगळं जमवायला प्रेस लागतो, बारीक टॉर्क मोजायचं हत्यार लागतं, दोन्ही नाही माझ्याकडं. म्हणून जुनी पण सेटिंग न हललेली पूर्ण असेंब्ली घ्यायचं ठरवलं. उतरवणं-चढवणं ही हमाली आहे, खरं काम चांगली असेंब्ली निवडण्यात आहे, म्हणून तेच जरा सविस्तर लिहितो.

कुर्ल्याला सीएसटी रोडला, जुन्या पार्टच्या दुकानांत, जाताना गाडीचा एक अॅक्सल (डिफपासून चाकापर्यंत जाणारा दांडा) काढून सोबतच नेला (गोराईहून खाडी ओलांडताना बोटीत लोकांना वाटलं नांगर चाललाय). ४०७ १९८६ पासून रस्त्यावर आहे, मधे बरंच काही बदललं, त्यामुळं दुकानदाराच्या "फोर झिरो सेव्हन का ही है" वर जाऊ नका, अॅक्सल डिफच्या साईड गिअरमध्ये घालून बघा, स्प्लाईन (दांड्याच्या टोकावरच्या खाचा) जुळतात का ते तिथंच कळतं. मग दात मोजा. समजा पिनियनला ८ आणि क्राऊनला ४१, तर रेश्यो ५.१२५. तुमच्या जुन्याशी हा जुळला नाही तर गाडीचा स्वभाव बदलतो आणि स्पीडोमीटरही खोटं बोलतो, कारण त्याची केबल गिअरबॉक्समधून येते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनं घासून जुळवलेले असतात, दोघांवर कोरलेला जोडीचा नंबर एकच हवा, वेगळा दिसला की सरळ पुढचं दुकान. पिनियनची फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) धरून वरखाली हलवली तर अजिबात हलता कामा नये.

आणायची गंमत वेगळीच. टेम्पोवाल्यानं भाईंदर-उत्तन फिरून यायचं भाडं सांगितलं ते ऐकून मी रिक्षात घातलं, बोरिवलीच्या जेट्टीपर्यंत आणलं आणि पुढं बोटीनं, दोन खलाशांना हात लावायला लागला आणि त्यांनी चहा माझ्याकडूनच घेतला.

शेजारी बोटीची इंजिनं करणारे मिस्त्री आहेत, त्यांचा डायल गेज मिळाला. पिनियन घट्ट धरायचा, सुई क्राऊनच्या दाताला काटकोनात लावायची आणि क्राऊन हलवायचा, तेही गोल फिरवत वेगवेगळ्या जागी. बॅकलॅश साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी बरा समजतात, पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडा तो खरा. माझं सगळीकडं ०.२० च्या आसपास आलं, एका जागी कमी नि दुसरीकडं जास्त असं नाही, म्हणजे क्राऊन वाकडा नाही. मग दातांना निळा रंग लावून फिरवलं, छाप दाताच्या मधोमध, टोकाला किंवा मुळाशी सरकलेला नाही. मिस्त्री म्हणाले, "घाल रे आता, किती बघशील."

उतरवणं पटकन सांगतो. ४०७ चा मागचा अॅक्सल फुल फ्लोटिंग, वजन हबच्या बेअरिंगवर असतं, त्यामुळं चाकं न काढता फ्लँजचे नट सोडून अॅक्सल ओढून निघतात. निघतात म्हणजे डिझेल मारून रात्रभर ठेवल्यावर आणि फ्लँजवर पितळी हातोड्यानं ठोकल्यावर, आमच्याकडं खाडीची हवा आहे. आणि हे नीट वाचा, अॅक्सल बाहेर आले की गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नाही, ती गिअरवर थांबतच नाही, त्यामुळं चारी चाकांना लाकडी ठोकळे आणि चेसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड), नुसत्या जॅकवर कोणी आत शिरू नका. प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर पंचनं खूण केली म्हणजे परत तशीच बसेल, आणि शाफ्ट लटकत न ठेवता तारेनं बांधली. डिफ ट्रॉली जॅकवर लाकडी खोबणीत उतरवलं, मावसभाऊ जॅकच्या दांड्यावर, मी बाजूनं, आमची काकी दारातून सूचना देत.

हाऊसिंग आतून डिझेलनं धुतलं, ब्रीदर नवा, पिनियनचं सील नवं, गॅस्केटला दोन्हीकडून पातळ अॅनाबॉण्ड (गळती रोखणारा लेप). तेल जीएल-५, ८५डब्ल्यू-१४०. क्राऊन-पिनियनचे हायपॉइड (तिरके, वळणदार) दात एकमेकांवर घसरत चालतात, त्यांना हेच लागतं, पण उरलं म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका, काही जीएल-५ तेलं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडावेत म्हणून असलेल्या कड्या) खातात. भरायच्या भोकातून बाहेर यायला लागलं की बास.

उत्तनहून आल्यावर पिनियनजवळ हात लावला, कोमट, सील कोरडं. हे तेल लवकरच काढून बघणार, तोपर्यंत गाडीत माल नाही. पुढचं काम उजव्या हबचं, तिथून ग्रीस येतंय. जुन्या डिफचे स्पायडर गिअर अजून धडधाकट आहेत, कोणाला हवे असतील तर बोरिवलीच्या जेट्टीवर आणून देईन, भाईंदरला नाही.