पहिली बॅच येण्याआधी

आमची संस्था छोटी आहे. वर्षभर काम करणारी माणसं एका टेबलाभोवती मावतील एवढीच, उन्हाळ्यात त्यात तरुण प्रशिक्षकांची भर पडते. रानात राहून मुलांना चालायला, दोरावरून चढा-उतरायला, होडी वल्हवायला आणि स्वतःचा तंबू स्वतः लावायला शिकवायचं, हे आमचं काम. सुरुवातीला सगळं सामान भाड्याने आणायचो. मग दोर स्वतःचे घेतले, मग तंबू, मग पाण्याची टाकी, पुढे पक्कं स्वयंपाकघर झालं. पाहुण्यांना आमची वाढ यातच दिसते. मला ती दिसते हंगामाआधीच्या तयारीत. पूर्वी ही तयारी उरलेल्या वेळात व्हायची, आता आधी तिचे दिवस राखून ठेवतो आणि मगच बॅचेसच्या तारखा ठरवतो.

त्यामुळे सुट्टी लागल्या लागल्या आमचं शिबिर सुरू होत नाही. त्या आठवड्यांत एक बॅच सहज भरेल, पालकांचे फोनही येतात. ते उत्पन्न आम्ही सोडतो आणि तयारीचा खर्च शुल्कात धरतो. शुल्क जास्त का, असं कोणी विचारलं की हेच कारण सांगतो. बहुतेकांना ते पटतं.

तयारीची सुरुवात जागेपासून. पहिल्या दिवशी सगळे मिळून संपूर्ण आवार पायी फिरतो, माना वर करून. तंबूंच्या जागेवर वाळलेली फांदी लटकत असेल तर आधी ती उतरवायची. वारा नसतानाही अशा फांद्या पडतात. कोरड्या ओढ्याच्या पात्रात किंवा एकट्या उंच झाडाखाली तंबू नाही, जागा कितीही सपाट असो. शौचालयांचे खड्डे पाण्यापासून निदान ६० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला.

पाण्याला मी सगळ्यांत जास्त वेळ देते. शिबिरात एका मुलाला जुलाब झाले की दुसऱ्या दिवशी अख्ख्या तंबूला होऊ शकतात. टाकी रिकामी करून घासायची, क्लोरीनच्या तीव्र द्रावणाने धुवायची आणि ते पाणी पूर्ण काढून टाकून नव्याने भरायची. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून गाळून घ्यायचं, कारण गाळात क्लोरीन खर्ची पडतं आणि जंतू वाचतात. मात्रा टाकल्यावर अर्धा तास थांबून तपासणी. तेव्हा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मोकळं, म्हणजे अजून जंतू मारू शकणारं, क्लोरीन उरलेलं हवं, आणि शेवटच्या नळाला निदान ०.२. ही तपासणी रोज होते आणि ती स्वयंपाकघरातली माणसं स्वतः करतात. ज्याच्या हातून ते पाणी मुलांच्या पेल्यात जाणार, त्याला तो आकडा ठाऊक असायला हवा, असं मला वाटतं.

दोरांची वही हा आमचा अभिमान आहे. प्रत्येक दोराला क्रमांक, खरेदीची तारीख, कधी आणि कशासाठी वापरला याची नोंद. हंगामाआधी प्रत्येक दोर वीतवीत हातातून सरकवून बघतो. कुठे मऊ पडलाय का, कुठे फुगलाय, आवरणाचे धागे निघालेत का. हार्नेसची, म्हणजे चढताना कमरेला बांधायच्या पट्ट्याची, शिवण उजेडात पाहतो. कापडी आणि दोरी साहित्याला बहुतेक उत्पादक जास्तीत जास्त १० वर्षांचं आयुष्य देतात, न वापरता ठेवलं तरी. जोराचा झटका बसला किंवा रसायन लागलं तर त्याच दिवशी ते बाद. बॅटरीतलं आम्ल नायलॉन खाऊन टाकतं आणि वरून काही दिसत नाही, म्हणून दोरांची खोली आणि बॅटऱ्यांची खोली वेगळी. बाद झालेला दोर आम्ही तुकडे करूनच टाकतो, म्हणजे तो चुकूनही परत कोणाच्या कमरेला लागणार नाही.

साहसी पर्यटनाच्या सुरक्षा व्यवस्थेसाठी आयएसओ २११०१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१४ मध्ये आलं. छोट्या संस्थेला ते जड वाटतं, पण आमच्या नोंदींना त्यातूनच शिस्त आली. धोका काय, तो कमी करायला काय केलं आणि ते कोणी तपासलं, हे तीन प्रश्न प्रत्येक उपक्रमासमोर लिहिलेले असतात.

आता माणसं. प्रशिक्षक निवडताना मी उत्तम चढणाऱ्यापेक्षा, घाबरलेल्या मुलाशेजारी शांतपणे बसू शकणारा पसंत करते. त्याने आधी जिथे काम केलं तिथे फोन करून चौकशी केल्याशिवाय कोणालाही घेत नाही. कोणतीही मोठी व्यक्ती एकट्या मुलासोबत इतरांच्या नजरेआड राहणार नाही, हा नियम पहिल्याच संध्याकाळी सांगितला जातो आणि तो मलाही लागू आहे.

सगळे लवकर येतात, त्याला उन्हाचंही कारण आहे. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. ज्याला स्वतःला भोवळ येतेय तो मुलांवर काय लक्ष ठेवणार? उष्माघाताचा सराव रोज घेतो. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर आणि बोलणं असंबद्ध, म्हणजे जागेवरच पाणी आणि वारा घालून गार करायचं, गाडीची वाट बघत बसायचं नाही. साप चावला तर अवयव हलू द्यायचा नाही; कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हृदय बंद पडलं तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब. हे सगळ्यांना पाठ असतं, पण थकलेल्या अवस्थेत, अंधारात, टॉर्चच्या उजेडात हात तसेच चालतात का, हे बघण्यासाठी रात्रीचा सराव असतो. हरवलेल्या मुलाचा शोधही आम्ही रात्रीच करून बघतो.

या सगळ्यांतला माझ्या दृष्टीने मोलाचा सराव वेगळाच आहे. वरिष्ठ प्रशिक्षक मुद्दाम एखादी त्रुटी ठेवतो, कॅराबिनरची (दोर अडकवायच्या धातूच्या कडीची) कुलूपकडी उघडी किंवा शिरस्त्राणाचा पट्टा सैल, आणि ‘चला चला, उशीर होतोय’ म्हणत घाई करतो. नव्या प्रशिक्षकाने किंवा प्रशिक्षिकेने तेव्हा ‘थांबा’ म्हणायचं. म्हटलं की वरिष्ठाने सगळं थांबवायचं आणि ‘बरं झालं सांगितलंस’ एवढंच बोलायचं. पहिल्या दिवशी बरेच जण दादाला कसं टोकायचं म्हणून गप्प राहतात. आठवडाभरात आवाज निघू लागतो. आमच्याकडे कोणताही उपक्रम कोणीही बंद करू शकतं, सुरू करण्याचा अधिकार मात्र वरिष्ठांकडे. एकदा आमच्या सगळ्यांत लहान प्रशिक्षिकेने गडगडाट ऐकून होड्या काठाला घेतल्या. पालक बघायला आलेले, आभाळ अर्धं निळं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, असा नियम आहे. मध्ये पुन्हा गडगडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. तिने ते दोनदा शून्यावर आणलं आणि सर्वांना पत्र्याच्या मोठ्या शेडमधून हलवून पक्क्या इमारतीत नेलं. त्या दुपारी कोणाला तिला काही सांगावं लागलं नाही, याचा मला फार आनंद झाला.

पालकांची तयारीही आता आम्ही यातच धरतो. ‘नाही करमलं तर लगेच न्यायला येईन’ असं वचन मुलाला देऊ नका, अशी विनंती करतो. त्या वचनाने मूल पहिल्या रात्रीपासून परतीची वाट बघू लागतं. त्याऐवजी घरीच एखादी रात्र तंबूत किंवा नातेवाइकांकडे झोपायचा सराव करा. औषधं आणि ॲलर्जी मात्र सविस्तर लिहून द्या, क्षुल्लक वाटली तरी.

बॅच येण्याच्या आदल्या दिवशी कोणालाही काम नसतं. झोपा, कपडे धुवा, घरी बोला. हंगामाच्या मध्यावर लक्ष ढिलं पडतं ते थकव्याने, म्हणून यंदापासून प्रत्येकाला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी आहे आणि त्यांच्या जागी उभं राहण्यासाठी बदली प्रशिक्षक घेतले आहेत. रात्रपाळीसाठी आणखी एक परिचारिका हवी आहे, तिचा शोध चालू आहे.