पत्रिकेच्या तळाची चार अक्षरं

गोव्यातल्या आमच्यासारख्या घरांत बोलणं कोंकणीत, लग्नपत्रिका मराठीत आणि पत्रिकेच्या तळाशी फ्रेंच. फ्रेंच म्हणजे चारच अक्षरं, आर. एस. व्ही. पी., आणि त्याखाली दोन काका, एक आतेभाऊ व त्यांचे मोबाइल नंबर. आमच्याकडे ही अक्षरं म्हणजे एक मानाची जागा समजली जाते. तिथे ज्याचं नाव, तो घरातला वजनदार माणूस. धाकट्या काकांचं नाव राहिलं तर मांडव पडायच्या आधी रुसवा पडतो. त्या नंबरांवर फोन येतात ते फक्त हॉलचा रस्ता विचारायला.

मूळ शब्द 'रेपोंदे सिल व्हू प्ले'. पहिल्या शब्दाचा अर्थ 'उत्तर द्या', उरलेल्या तिघांचा 'तुमची मर्जी असेल तर'. म्हणजे 'कृपया' आतच आहे. तरी इंग्रजी पत्रिकांवर 'प्लीज आरएसव्हीपी' सर्रास छापतात, कृपेवर कृपा. खुद्द फ्रान्समध्ये ही अक्षरं आता फारशी दिसत नाहीत, तिथे अमुक तारखेपर्यंत उत्तर कळवावे असं सरळ लिहितात. ती जपली इंग्रजांनी. एके काळी युरोपातल्या दरबारांची आणि वकिलातींची भाषा फ्रेंच, त्यामुळे इंग्रज उमरावांना शिष्टाचार फ्रेंचमध्येच शोभून दिसे. 'एटिकेट' हा शब्दसुद्धा त्यांनी तिथूनच उचलला. गंमत पोर्तुगीजांची वाटते. १५१० ते १९६१ ते इथे होते, त्यांच्या भाषेतही नेमकं हेच सांगणारी आर. एस. एफ. एफ. ही अक्षरं आहेत. आमच्या मराठी पत्रिकेवर मात्र येऊन बसली ती पॅरिसची, तीही लंडनमार्गे.

आता त्याच पत्रिकेचा वरचा मजकूर वाचा. 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.' यात नाही म्हणायला जागा कुठे आहे? 'अगत्य' आलं की वाद मिटला. पहिली पत्रिका कुलदेवतेपुढे ठेवतात, तिथे तर उत्तराचा प्रश्नच नाही. माणसांनाही आपण तसंच गृहीत धरतो. खाली फ्रेंच विचारतंय येणार का, वर मराठी सांगतंय यायचंच. पाहुण्याने कोणाचं ऐकायचं?

तो शहाणा असतो, दोघांचंही ऐकत नाही. आमंत्रण द्यायला आलेल्या मावशी उंबऱ्यातून वळून म्हणतात, "सगळीं येयात हां!" आणि घरातून उत्तर जातं, "पळोवया." बघू या. पळोवयाला तिकडचे लोक टाळाटाळ म्हणतील, पण मंगलकार्याला तोंडावर नकार देणं आमच्या जिभेला जमत नाही. आमंत्रण देणाऱ्यालाही ते ऐकायचं नसतं. मला वाटतं, आरएसव्हीपीची खरी सभ्यता तिच्या 'प्लीज'मध्ये नाहीच. ती पाहुण्याला नाही म्हणायची मोकळीक देते, आणि त्या बदल्यात एकच मागते: जे असेल ते वेळेवर कळवा. इंग्रजी रिवाजात न येणं हा गुन्हा नव्हे. न कळवणं हा गुन्हा.

आमच्याकडे ती मोकळीक लागली नाही, याचं कारण स्वयंपाकघरात आहे. देवळाच्या सभागृहातल्या लग्नात, मंगेशीला म्हणा की रामनाथीला, पंगत बसायची. चाळीस माणसं जास्त आली तर आचारी कपाळाला आठ्या घालून खतखत्यात आणखी भाज्या चिरी, मणगण्यात नारळाचा रस वाढवी, आणि पुढची पंगत बसे. सासष्टीतल्या ख्रिस्ती लग्नाच्या रिसेप्शनचं गणित निराळं. गोल टेबलं, मोजक्या खुर्च्या, ताटाप्रमाणे पैसे घेणारा केटरर. तिथे आरएसव्हीपीला अर्थ आहे, आणि त्या घरचे लोक फोन करून विचारतातही. आता मात्र आमच्या लग्नांतही बुफे आला (हाही शब्द फ्रेंचच) आणि हिशेब ताटावर आला. मणगणं वाढवता येतं, ताटाचा दर वाढवता येत नाही.

उत्तर मागणं मराठीला नवीन नव्हे. 'उलट टपाली कळवावे' हे वाक्य जुन्या पत्रांत पदोपदी भेटतं. पोस्टात जोडकार्ड मिळायचं: एका अर्ध्यावर आपला मजकूर, दुसरं अर्धं कोरं, त्याचं टपालही आपणच भरलेलं. समोरच्याने फक्त लिहून पेटीत टाकायचं. तरीही उत्तर आलं नाही तर तो माणूस कसा आहे ते कळून जाई. पण जोडकार्ड जायचं स्थळ, नोकरी, जमिनीचा व्यवहार यांसाठी. लग्नाचं आमंत्रण त्यावर गेलेलं मी कधी ऐकलं नाही.

हल्ली पत्रिका व्हॉट्सॲपवर येते, आणि तळाशी ती चार अक्षरं अजून आहेत. उत्तरादाखल लोक अंगठा पाठवतात. अंगठा म्हणजे पत्रिका मिळाली, की अभिनंदन, की येतो? आमच्या ओळखीच्या एका केटररने यावर तोडगा काढलाय. यजमानाला तो विचारतो, "आंगठे किती आले?" आणि आकडा ऐकला की दोन अंगठ्यांमागे एक ताट लावतो.