गुळाचा शिर्का: पीएच पट्टी बाजूला, आता टायट्रेशन

बॅच जुनीच: १ किलो गूळ, पाणी घालून एकूण १० लिटर. यीस्टचं काम (साखरेचं अल्कोहोल करणं) संपलंय, वर मदरची साय, म्हणजे अल्कोहोलचं आम्ल करणाऱ्या जिवाणूंचा थर, घट्ट धरलीय. आता प्रश्न एवढाच, की ॲसेटिक आम्ल (शिर्क्याला, म्हणजे व्हिनेगरला, आंबट करणारं आम्ल) किती टक्के झालं?

पीएच पट्टी इथे कामाची नाही. ॲसेटिक आम्ल सौम्य, त्याचे फार थोडे रेणू आयन सोडतात. शुद्ध पाण्यात २ टक्क्यांचा पीएच साधारण २.६ येतो आणि ४ टक्क्यांचा २.५. हा फरक पट्टीवर दिसतच नाही. कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, तीव्र अल्कली) मात्र शेवटच्या रेणूपर्यंत हिशेब घेतो. सगळं आम्ल संपायला तो किती लागला हे मोजणं म्हणजेच टायट्रेशन.

०.१ मोलर (इथे लिटरला ४ ग्रॅम) द्रावणासाठी ५०० मिली पाण्यात २ ग्रॅम कॉस्टिक. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं भांडं चालणार नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. कॉस्टिक हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो, त्यामुळे वजनावर विश्वास ठेवू नये. ऑक्झॅलिक आम्लाचे ०.६३ ग्रॅम स्फटिक १०० मिली पाण्यात विरघळवून त्यातले १० मिली घ्या. त्यातलं आम्ल संपायला कॉस्टिकही १० मिलीच लागला तर द्रावण बरोबर, १०.४ लागला तर पुढचं प्रत्येक रीडिंग १०.४ ने भागून १० ने गुणायचं. ऑक्झॅलिक विषारी आहे, त्याची भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

दर्शक, म्हणजे आम्ल संपल्याचं रंग बदलून सांगणारा पदार्थ, म्हणून हळद उत्तम. पाव चमचा हळद २० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ढवळून गाळायची. तिचा रंग साधारण ७.४ ते ८.६ पीएचमध्ये पालटतो आणि आपला अंतिम बिंदूही (जिथे सगळं आम्ल संपतं) ८.५ च्या आसपास येतो, म्हणून जोडी जमते. मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक इथे फसवतो, तो फार आधीच पिवळा होतो.

गुळाचा तपकिरी रंग हळदीला झाकतो. म्हणून शिर्का दहापट पातळ करून त्यातले १० मिली घ्यायचे, म्हणजे मूळ शिर्का १ मिली. पाणी आधी उकळून गार केलेलं. विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही आम्ल म्हणून मोजला जातो. त्यात हळदीचा अर्क घालून, पांढऱ्या टाइलवर ठेवून कॉस्टिकचं द्रावण थेंब थेंब टाका. पिवळ्यावर पहिली तांबूस झाक अर्धा मिनिट टिकली की थांबा. नंतर ती फिकी पडली तरी आणखी थेंब घालू नका, अल्कलीत हळदीचा रंग हळूहळू मरतोच.

०.१ मोलरचा १ मिली म्हणजे ६ मिलिग्रॅम ॲसेटिक आम्ल. मागचं रीडिंग ३.१ मिली होतं, म्हणजे १.९ टक्के, आत्ताचं ६.९, म्हणजे ४.१ टक्के. एवढ्या गुळातून कागदावर साडेपाचच्या आसपास निघायला हवं, पण काही साखर यीस्ट स्वतः खातं आणि थोडं अल्कोहोल उडून जातं, त्यामुळे चार टक्के चांगलाच उतारा आहे.

आता उशीर नको. अल्कोहोल संपलं की काही ॲसेटोबॅक्टर (मदरमधले जिवाणू) ॲसेटिक आम्लच जाळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात. रीडिंग उलट उतरू लागतं. मदर काढून, गाळून, बाटल्या तोंडापर्यंत भरायच्या, आत हवा राहता कामा नये.