बंदी उठल्यानंतरचा पहिला रविवार

रविवार, रात्री साडेनऊ.

हाताच्या मागच्या बाजूची कातडी दोन ठिकाणी सोलवटली आहे आणि पेन नीट धरता येत नाही. तरीही आजची नोंद उद्यावर ढकलायची नाही, असे खाली उतरतानाच ठरवले होते. साडेपाच महिने बंद असलेला कडा गुरुवारी खुला झाला आणि आजच्या यादीत आम्हा दोघींची नावे लागली. दिवसाला मोजकेच आरोहक वर सोडतात, चौकीवरच्या वहीत वाट आणि वेळ लिहून घेतात, दोर अडकवायला दगडात नवा बोल्ट ठोकू देत नाहीत. या नियमांबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती तारखांबद्दल.

बंदी आहे बहिरी ससाण्यासाठी. हा पक्षी काड्याकुड्यांचे घरटे बांधत नाही. कड्यातल्या एखाद्या फळीवरच्या, म्हणजे अरुंद सपाट पायरीवरच्या, मुरमात उथळ खळगा करून त्यातच तीन-चार अंडी घालतो. अंडी उबायला सुमारे ३३ दिवस आणि पिल्ले उडायला त्यानंतर सहा आठवडे, म्हणजे सगळे मिळून अडीच महिने. मग बंदी साडेपाच महिन्यांची कशाला, असा हिशेब मी याच वहीत मोठ्या तावातावाने मांडला होता. ते पान आज पुन्हा वाचले आणि थोडी लाज वाटली. जोडी फळी निवडत असते तो काळ मी धरलाच नव्हता, आणि त्या काळात माणसांचा त्रास झाला तर ती जागाच सोडून जाण्याची भीती असते. पिल्लेही उडू लागली म्हणजे लगेच स्वतंत्र होतात असे नाही. शिकार साधेपर्यंत ती आणखी काही आठवडे आईबापांच्या जिवावर कड्याभोवतीच घिरट्या घालतात.

सकाळी कातळ थंड असतानाच सुरुवात केली, कारण ऊन चढले की तळहात घामेजतात आणि ग्रॅनाइटवरची पकड जाते. या दगडात आडवे थर नसतात, त्यामुळे धरायला खाचाही फारशा मिळत नाहीत. जमिनीखाली खोलवर सावकाश थंड झालेला हा खडक वरचे ओझे झिजून गेल्यावर फुगतो आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो. आरोहकाला मिळतात त्या भेगा, आणि पापुद्रा अर्धवट कोसळून उरते ती ससाण्याची फळी. दोघांचीही सोय एकाच मोडतोडीने केलेली आहे, हे मला आज दुसऱ्या पिचवर, म्हणजे चढाईच्या दुसऱ्या टप्प्यावर, लोंबकळताना सुचले.

ते दुसरे पिच मी लीड केले, म्हणजे दोर घेऊन पुढे मी चढले. भेग बरोबर तळहाताच्या जाडीची. हात आत सारायचा, अंगठा तळव्याकडे दुमडायचा, पंजा फुगवायचा आणि मग निर्धास्तपणे त्यावर भार टाकायचा. पाऊल तिरके घालून गुडघा सरळ केला की तेही पाचरीसारखे बसते. सकाळी गुंडाळलेली चिकटपट्टी मध्येच सुटली आणि फेल्डस्पार या खनिजाचे नखाएवढे स्फटिक सरळ कातडीत रुतू लागले. फ्रेंड, म्हणजे भेगेत फाकून घट्ट बसणारे आधाराचे साधन, आत सारून त्याचे चारही दात दगडाला नीट टेकल्याचे पाहिले, दोर अडकवला आणि मगच श्वास सोडला. पूर्वी अशा भेगांत हातोड्याने मेखा ठोकत आणि उपटून काढत. वारंवार ठोकल्याने भेगांच्या कडा कायमच्या फुटत. स्प्रिंगचे फ्रेंड १९७८ साली बाजारात आले. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेतील योसेमिटीच्या एल कॅपिटन या ग्रॅनाइटच्याच कड्यावर एका आरोहकाला ससाण्यांची विणीची जोडी दिसली. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन आईच्याच वजनाखाली फुटत होती आणि तिथून हा पक्षी कित्येक वर्षे नाहीसा झाला होता.

माझी दुसरी तक्रार मात्र अजून शिल्लक होती. फळी आहे डाव्या टोकाला आणि आमची भेग उजवीकडे. मग अख्खा कडा का बंद ठेवायचा? ससाण्याला खालच्या माणसापेक्षा डोक्यावरचा माणूस जास्त खुपतो, आणि माथ्यावरून उतरण्याची नेहमीची पाऊलवाट नेमकी त्या फळीच्या वरून जाते, हे मला मान्य आहे. पण माथ्यावर न जाता उजवीकडूनच रॅपल करून, म्हणजे दोरावरून घसरत, उतरलो तर? आज आम्ही मुद्दाम तसे उतरून पाहिले. साठ मीटरचे दोन दोर जोडून, बिलेच्या, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळायच्या, जागेवरील जुन्याच अँकरवरून, तीन टप्प्यांत. हे जमले तर पुढच्या वर्षी उजवी बाजू खुली ठेवण्याचा अर्ज करायचा, असा बेत होता.

पहिला टप्पा सुरेख झाला. दुसऱ्या टप्प्यानंतर दोर ओढला तेव्हा दोन दोरांची गाठ एका पापुद्र्यामागे अडकली. आम्ही झटके दिले, बाजूला सरकून ओढले, एकमेकींवर ओरडलो, आणि समोरची भिंत आमचा प्रत्येक शब्द दुप्पट करून परत पाठवू लागली. तेवढ्यात डावीकडून कर्कश, एकसुरी ओरड सुरू झाली. एक ससाणा फळीवरून सुटून आमच्या बराच वर घिरट्या घालू लागला आणि दोर सुटेपर्यंत गेला नाही. मैत्रीण काही बोलली नाही. तिने नुसते माझ्याकडे पाहिले.

चौकीवरच्या वहीत शेवटचा रकाना असतो: ससाणे दिसले का? मी लिहिले, एक दिसला, ओरड बहुधा दोघांची. शेजारी वेळ टाकली आणि कंसात कारणही लिहिले: दोर अडकला, आम्ही ओरडलो. अर्जाचा कच्चा मसुदा अजून पिशवीतच आहे. त्यातले 'कोणताही उपद्रव न होता' हे शब्द मात्र आता खोडावे लागतील.