जावा-देमाम मूठ: लाकूड ठरलं, वय अडलं

लाकूड ठरलं! मागच्या नोंदीतली जावा-देमाम मूठ, म्हणजे मलय क्रिसची (कट्यारीची), हात दुमडून वाकलेल्या माणसाच्या आकाराची मूठ, कमुनिंग लाकडाचीच, म्हणजे आपल्या दारची कुंती. छाटणीत निघालेली कुंतीची फांदी वाळवून ठेवली होती. तिचा आडवा काप नव्या ब्लेडने तासला आणि मुठीच्या बुडाशी, पेंडोकोक (मूठ आणि पात्यामधली धातूची वाटी) बसतो तिथल्या उघड्या लाकडाशेजारी धरला. दहापटीच्या भिंगाखाली दोन्हीकडे तीच पिवळसर घट्ट वीण, तीच बारीक छिद्रं. बराच वेळ बघतच राहिलो.

वय मात्र हटून बसलंय. विक्रेत्याने '१८ वं शतक' लिहून दिलं, आधार शून्य. वर विकण्याआधी चकचकीत व्हार्निश फासलं, त्यामुळे हाताळून आलेली झळाळी असलीच तरी झाकली गेली. छातीशी दुमडलेल्या हातांच्या कडा बोथट आहेत, पण कोरीवकामाच्या खोल खाचांतल्या कडाही तितक्याच बोथट. तिथे तळहात पोचत नाही, पॉलिश पेपर पोचतो.

ब्रिटिश म्युझियममधला, जावाचा ब्रिटिश प्रशासक राहिलेल्या स्टॅमफर्ड रॅफल्सचा संग्रह तुलनेला बरा, कारण १८२४ मध्ये रॅफल्स पूर्वेकडून कायमचा परतला, म्हणजे त्याने जमवलेलं सगळं त्याआधीचं. पण त्यात भर जावाच्या वस्तूंचा. मलय मुठीला ती फूटपट्टी लावू नये, असं माझं ठाम मत.

मग अतिनील (यूव्ही) टॉर्च पुटिंगच्या, म्हणजे मुठीत शिरणाऱ्या पात्याच्या शेपटीच्या, भोकात मारला. (३६५ नॅनोमीटरचाच घ्या, ३९५च्या स्वस्त टॉर्चमध्ये जांभळ्या उजेडात मंद चमक हरवते.) पातं घट्ट बसावं म्हणून आत गुंडाळलेल्या सुताचे दोन थर निघाले! वरचा निळाशार चमकला, म्हणजे त्यात कपडे उजळवणारं रसायन आहे, आणि ते बाजारात रुळलं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. खालचा थर मिणमिणता, काळपट. मूठ निदान दोनदा पात्यावर बसवली गेली असणार. अर्थात सूत बदलता येतं, त्यावरून लाकडाचं वय निघत नाही.

खालचं सूत ओढून काढायचा बेत होता, तो रद्द. लिहिता लिहिता दुसरंच सुचलं: भोकाच्या भिंतीचा कीस कार्बन-१४च्या वय-चाचणीला द्यावा. १६५० ते १९५० मधल्या लाकडाला ही चाचणी नेमकं साल देत नाही, पण अणुचाचण्यांच्या स्फोटांनंतर, १९५५च्या पुढे वाढलेलं लाकूड लगेच पकडते. तसं निघालं तर १८ वं शतक तिथेच संपलं. नाही निघालं तर प्रश्न तसाच, कारण नवी मूठ जुन्या लाकडातूनही कोरता येते. खर्च मोठा आहे, म्हणून आधी बुडाशी स्पिरिटचा बोळा फिरवून व्हार्निशखाली काय आहे ते बघतो.