637 मतांचं बेट

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबांना पटेचना. पण भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या आपल्या माणसांचं नाव मतदारयादीत लागतं. 4 जुलै 2024 ला मी अनिस मोनमध्ये, म्हणजे वेल्सच्या वायव्य टोकाच्या अँगलसी बेटावर, मत दिलं. ओळखपत्र म्हणून आपला निळा पासपोर्टच दाखवला. दारावरच्या पाटीवर आधी वेल्श, मग इंग्रजी. आत ना यंत्र, ना शाई. आडोशाला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, नावासमोर फुली, कागदाची घडी आणि पेटी. बाहेर आल्यावर सवयीने डाव्या तर्जनीकडे नजर गेलीच.

संपूर्ण बेटाचा हा एकच मतदारसंघ. मतदार सुमारे 52 हजार. आपल्याकडे लोकसभेच्या एका मतदारसंघात ते लाखांनी असतात. 2024 च्या फेररचनेत, काही अपवाद सोडले तर, ब्रिटनमध्ये एका मतदारसंघात निदान 69,724 मतदार हवेत असा नियम होता. त्यात वेल्सच्या 40 जागांच्या 32 झाल्या, पण कायद्याने संरक्षण असल्यामुळे अनिस मोनला हात लागला नाही. मला हे योग्य वाटतं. बेटाची दुखणी बेटाचीच असतात. ऑक्टोबर 2022 मध्ये मेनाय सामुद्रधुनीवरचा 1826 सालचा झुलता पूल सुरक्षिततेसाठी एकाएकी बंद केला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत सगळी वाहतूक दुसऱ्या पुलावर आली. मी कामाला पलीकडे बांगोरला जाते. त्या हिवाळ्यात रांगेत बसून दोन पुलांवर जगणं म्हणजे काय, ते मला कळलं.

या बेटाने कुठल्याच पक्षाला कायमचं घरात घेतलेलं नाही. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांची मुलगी मेगन, वेल्समधली पहिली महिला खासदार, 1929 पासून इथून लिबरल पक्षातर्फे निवडून येत होती. 1951 मध्ये मजूर पक्षाच्या क्लेडविन ह्यूज यांनी तिला हरवलं. त्याआधी दोनदा ते तिच्याकडूनच हरले होते. पुढे हुजूर, मग वेल्सचा राष्ट्रवादी पक्ष प्लाइड कम्री, पुन्हा मजूर, पुन्हा हुजूर. गंमत म्हणजे 1951 नंतर उभ्या राहिलेल्या विद्यमान खासदाराला लोकांनी कधी पाडलं नव्हतं. माणूस आपला वाटला की पक्षाची लाट कुठलीही असो, त्याला सांभाळून घ्यायचं.

शेजारच्या आजी प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायच्या: माझ्या नातवाला इथे काम मिळेल का? त्यांचा एक मुलगा कामासाठी कधीच इंग्लंडला गेला. 2009 मध्ये होलीहेडचा अॅल्युमिनियमचा कारखाना बंद झाला, 2015 मध्ये विल्वाची अणुभट्टी थांबली, 2023 मध्ये ल्हानगेव्हनीचा कोंबडीचा कारखाना गेला आणि सातशेहून अधिक जणांची नोकरी गेली. तरुण गेले की भाषाही जाते, असं आजी म्हणतात. बेटावर निम्म्याहून अधिक लोक वेल्श बोलतात, त्यामुळे त्यांची धास्ती मला नीट समजते. कोकणातली बंद घरं मी पाहिलेली आहेत.

त्या निवडणुकीत देशभर मजूर पक्षाची लाट होती. इथे मात्र तो तिसरा आला. प्लाइड कम्रीच्या ल्हिनोस मेडी, ज्या बेटाच्या परिषदेच्या नेत्या होत्या, त्यांना 10,590 मतं. हुजूर पक्षाच्या विद्यमान खासदार वर्जिनिया क्रॉस्बी यांना 9,953. 1951 नंतर पहिल्यांदाच बेटाने बसलेल्या खासदाराला उठवलं, तेही 637 मतांनी.

सकाळी आजी कुंपणापाशी उभ्याच होत्या. आकडा त्यांनी वेल्शमध्ये सांगितला आणि माझ्याकडून म्हणून घेतला: ख्वे खांत त्री देग साइथ. तो घशातून घासून येणारा ‘ख’ मला तिसऱ्या खेपेला जमला, तेव्हा त्यांनी कुंपणावरून हात पुढे करून माझा हात दाबला.